जावा मॉड्यूल सिस्टीममध्ये डीआय: गाईस ठेवायचं, डॅगर घ्यायचं की सर्व्हिसलोडर पुरतो?

पाणवठा (प्रश्न)

जावा २१ वर बिलिंगचं डेस्कटॉप अॅप्लिकेशन आहे. १४ मॉड्यूल आहेत आणि प्रत्येकाची स्वतःची मॉड्यूल-इन्फो फाइल आहे (मॉड्यूलला काय लागतं आणि ते बाहेर काय देतं, हे तिच्यात असतं). वायरिंग, म्हणजे ऑब्जेक्ट एकमेकांना जोडणं, सध्या गाईस ७ करतं. ती डीआयची (डिपेन्डन्सी इंजेक्शन: ऑब्जेक्टला लागणाऱ्या गोष्टी बाहेरून देणं) लायब्ररी आहे. अडचणी तीन:

१. जवळपास प्रत्येक मॉड्यूलमध्ये ‘ओपन्स अमुक टू कॉम.गूगल.गाईस’ अशी ओळ लिहावी लागली आहे (ती ते पॅकेज गाईसच्या रिफ्लेक्शनला, म्हणजे चालू असताना क्लासच्या आत शिरण्याला, उघडं करते). एखादी ओळ राहिली तरी कोड कंपाइल होतो, टेस्टही पास होतात. मग अॅप सुरू करताना इनअॅक्सेसिबल-ऑब्जेक्ट-एक्सेप्शन येतं.

२. जेलिंकनं (जावा आणि लागणारी मॉड्यूल एकत्र बांधणारं जेडीकेचं टूल) छोटी इमेज करायची आहे, पण गाईसच्या जारपाशी येऊन ते ‘ऑटोमॅटिक मॉड्यूल (स्वतःची मॉड्यूल-इन्फो नसलेला जार) चालत नाही’ म्हणून थांबतं.

३. सगळी बाइंडिंग (कोणत्या इंटरफेससाठी कोणता क्लास, हे नियम) मुख्य अॅप मॉड्यूलमध्ये आहेत. त्यामुळे कर मोजणारा आतला क्लास तिथे दिसायला हवा, आणि त्यासाठी त्याचं पॅकेज एक्स्पोर्ट करावं (इतर मॉड्यूलना खुलं करावं) लागलं. इंटरफेस वेगळा काढला तो कशासाठी, असा प्रश्न पडतो.

डॅगरवर (कंपाइलच्या वेळी कोड तयार करणारी डीआय लायब्ररी) जाऊन हे सुटेल का? की डीआयची लायब्ररी काढून नुसता सर्व्हिसलोडर (इंटरफेसचे प्रोव्हायडर, म्हणजे तो पुरवणारे क्लास, शोधून देणारी जावाचीच सोय) वापरावा? सर्व्हिसलोडरचा प्रोव्हायडर आर्ग्युमेंट नसलेल्या कन्स्ट्रक्टरनं तयार होतो. मग डेटासोर्स (डेटाबेसचं कनेक्शन देणारा ऑब्जेक्ट) लागणारा ऑब्जेक्ट त्यातून द्यायचा कसा?

---

तिठा

तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. रिफ्लेक्शनवर चालणारा कंटेनर मॉड्यूलच्या हद्दी ओलांडतोय. गाईस २००७ सालचं आहे आणि जेएसआर ३३० ची (जावातलं डीआयचं प्रमाण) अॅनोटेशन २००९ ची. तेव्हा क्लासपाथवर (मॉड्यूलशिवाय जार लोड करायची जुनी पद्धत) सगळ्यांना सगळं दिसायचं. २०१७ मध्ये जावा ९ बरोबर मॉड्यूल सिस्टीम आली आणि एक्स्पोर्ट न केलेलं पॅकेज बाहेरच्याला खरोखर बंद झालं. कंटेनरला दुसऱ्या मॉड्यूलच्या आतला क्लास हवा असेल, तर ते पॅकेज त्याच्यासाठी उघडावंच लागतं.

म्हणून ‘कोणती लायब्ररी’ हा प्रश्न नंतरचा. आधी हद्द आणि आतलं वेगळं करा. दोन मॉड्यूलच्या मधे सर्व्हिसलोडर, मॉड्यूलच्या आत साधे कन्स्ट्रक्टर किंवा तुमच्या आवडीचं डीआय, आणि जोडणी एकाच ठिकाणी.

डेटासोर्सचं उत्तर असं की सर्व्हिस म्हणून तो ऑब्जेक्ट द्यायचा नाही, त्याची फॅक्टरी द्यायची. नावं समजायला मराठीत घेतो.

‘बिलिंग.कर.एपीआय’ या मॉड्यूलमध्ये दोन इंटरफेस: ‘करगणक’ आणि ‘करगणकफॅक्टरी’. फॅक्टरीत एकच मेथड, जी डेटासोर्स आणि क्लॉक घेते आणि करगणक परत करते. मॉड्यूल-इन्फोमध्ये एपीआयच्या पॅकेजचं एक्स्पोर्ट्स आणि ‘रिक्वायर्स ट्रान्झिटिव्ह जावा.एसक्यूएल’. इथला ट्रान्झिटिव्ह विसरू नका. डेटासोर्स मेथडच्या सिग्नेचरमध्ये आहे, त्यामुळे एपीआय वापरणाऱ्या प्रत्येकाला जावा.एसक्यूएल दिसलं पाहिजे. नाहीतर प्रत्येकाला ते वेगळं मागावं लागेल.

‘बिलिंग.कर’ मॉड्यूलमध्ये ‘रिक्वायर्स बिलिंग.कर.एपीआय’ आणि ‘प्रोव्हाइड्स करगणकफॅक्टरी विथ बिलिंग.कर.आतलं.जीएसटीफॅक्टरी’. एक्स्पोर्ट्स एकही नाही, ओपन्सही एकही नाही. प्रोव्हायडरचं पॅकेज एक्स्पोर्ट करावं लागत नाही, आणि तुमची तिसरी अडचण तिथेच मिटते. जीएसटीफॅक्टरी पब्लिक हवी आणि तिला आर्ग्युमेंट नसलेला पब्लिक कन्स्ट्रक्टर हवा. बाकीचे सगळे क्लास पॅकेज-प्रायव्हेट राहू द्या.

‘बिलिंग.अॅप’मध्ये ‘रिक्वायर्स बिलिंग.कर.एपीआय’ आणि ‘युजेस करगणकफॅक्टरी’. ते ‘बिलिंग.कर’ला रिक्वायर करत नाही. ग्रेडलमध्ये त्याला रनटाइमओन्ली ठेवा, मेव्हनमध्ये रनटाइम स्कोप. मग अॅपमधून कोणी आतला क्लास इम्पोर्ट करायला गेलं तर कंपायलरच अडवेल.

मुख्य क्लासमध्ये वरून खाली सरळ कोड: डेटासोर्स तयार करा, फॅक्टरी शोधा, करगणक घ्या, तो बिलसेवेच्या कन्स्ट्रक्टरला द्या. १४ मॉड्यूलना हे हातानं लिहिणं सहज जमतं. वाचणाऱ्याला सुरुवातीचा क्रमही डोळ्यांसमोर दिसतो. कंटेनर नसल्यामुळे बंद करण्याचा क्रम मात्र तुमच्याकडे येतो. ऑटोक्लोजेबल असलेला प्रत्येक ऑब्जेक्ट तयार होताच एका अॅरेडेकमध्ये पुश करा आणि बंद करताना पॉप करत जा. कनेक्शन पूल सगळ्यात आधी तयार झालेला असतो, म्हणून तो आपोआप सगळ्यात शेवटी बंद होतो.

जावा ९ पासून प्रोव्हायडर क्लासमध्ये ‘प्रोव्हायडर’ नावाची पब्लिक स्टॅटिक मेथड ठेवता येते, मग कन्स्ट्रक्टर लागत नाही. मी तरी ती वापरायला सांगणार नाही. ती फक्त स्वतःची मॉड्यूल-इन्फो असलेल्या मॉड्यूलमध्ये चालते. तोच जार क्लासपाथवर किंवा ऑटोमॅटिक मॉड्यूल म्हणून आला की मेटा-इन्फ/सर्व्हिसेसमधल्या (प्रोव्हायडरची नावं लिहायची जुनी जागा) नावाला आर्ग्युमेंट नसलेला कन्स्ट्रक्टर लागतोच. साधी फॅक्टरी दोन्हीकडे चालते.

---

आडवा_छेद

तिठा यांच्याशी सहमत. डॅगरबद्दल सविस्तर लिहितो, कारण ‘डॅगर कंपाइलच्या वेळी कोड तयार करतं, म्हणजे मॉड्यूलची कटकट संपली’ असं पुष्कळांना वाटतं. त्यातलं अर्धंच खरं आहे.

खरं ते असं: डॅगर प्रत्येक इंजेक्ट कन्स्ट्रक्टरसाठी त्याच पॅकेजमध्ये एक फॅक्टरी क्लास तयार करतं. त्यामुळे कन्स्ट्रक्टर पॅकेज-प्रायव्हेट असला तरी चालतो, रिफ्लेक्शन लागत नाही, ओपन्सची ओळ लागत नाही. बाइंडिंग राहिलं तर बिल्डच फुटतो, ग्राहकाच्या मशीनवर काही फुटत नाही. (फील्ड इंजेक्शन प्रायव्हेट फील्डवर चालत नाही. तसं लिहिलेलं असेल तर कन्स्ट्रक्टरवर आणा.)

उरलेलं अर्धं: कंपोनंट (डॅगरमध्ये सगळे ऑब्जेक्ट जोडून देणारा इंटरफेस) जिथे आहे तिथून ग्राफमधल्या सगळ्या टाइपच्या फॅक्टऱ्या दिसाव्या लागतात. एकच मोठा कंपोनंट अॅप मॉड्यूलमध्ये ठेवलात तर तयार झालेला कोड ‘बिलिंग.कर.आतलं’मधल्या फॅक्टरीला थेट हाक मारणार, म्हणजे ते पॅकेज पुन्हा एक्स्पोर्ट करणं आलं. ओपन्स गेलं आणि त्या जागी एक्स्पोर्ट्स आलं. हे जास्त वाईट, कारण ओपन्स निदान एका मॉड्यूलपुरतं होतं आणि कंपाइलच्या वेळी तरी दार बंद होतं.

डॅगर वापरायचंच असेल तर कंपोनंट मॉड्यूलच्या आत ठेवा, दर मॉड्यूलला एक. कंपोनंटमध्ये बाहेर द्यायच्या टाइपची मेथड, आणि बाहेरून येणाऱ्या गोष्टी बिल्डरमध्ये बाइंड्स-इन्स्टन्स लावून. मग जीएसटीफॅक्टरीच्या मेथडमध्ये दोन ओळी उरतात: डॅगरनं तयार केलेल्या कंपोनंटच्या बिल्डरला डेटासोर्स आणि क्लॉक द्या, करगणक परत करा. बाहेर कोणाला आत डॅगर आहे हे कळतसुद्धा नाही. तीन-चारच क्लास असलेल्या मॉड्यूलमध्ये तेही नको, नुसते कन्स्ट्रक्टर बरे.

एक एरर हमखास भेटतो: ‘जावाएक्स.अॅनोटेशन.प्रोसेसिंग हे पॅकेज दिसत नाही’. तयार झालेल्या कोडवर जनरेटेड हे अॅनोटेशन लागतं आणि ते जावा.कंपायलर मॉड्यूलमध्ये आहे. मॉड्यूल-इन्फोत ‘रिक्वायर्स स्टॅटिक जावा.कंपायलर’ लिहा. ते अॅनोटेशन सोर्सपुरतंच असल्यामुळे स्टॅटिक पुरतं आणि जेलिंकच्या इमेजमध्ये ते मॉड्यूल विनाकारण जात नाही.

जेलिंकसाठी कोणतीही लायब्ररी ठरवण्याआधी तिच्या जारवर ‘जार --डिस्क्राइब-मॉड्यूल --फाइल=…’ चालवा. उत्तरात ऑटोमॅटिक असं दिसलं तर जेलिंक ती घेणार नाही. मॅनिफेस्टमध्ये ऑटोमॅटिक-मॉड्यूल-नेम असणं म्हणजे फक्त नाव पक्कं असणं. त्यानं जार खरं मॉड्यूल होत नाही. हा गोंधळ फार दिसतो. जेलिंकला जारच्या आत खरी मॉड्यूल-इन्फो लागते.

---

पाणवठा

कर आणि छपाई ही दोन मॉड्यूल तशी करून पाहिली. ओपन्स खरंच गेलं. पण नवीन एरर आला: सर्व्हिस-कॉन्फिगरेशन-एरर, आणि म्हणतोय ‘बिलिंग.कॉमन’ मॉड्यूलनं युजेस जाहीर केलेलं नाही. युजेस तर मी अॅप मॉड्यूलमध्ये लिहिलंय. ‘कॉमन’मध्ये फक्त एक छोटी मदतीची मेथड आहे, क्लास घेते आणि पहिला प्रोव्हायडर परत करते.

दुसरं, चाचणी म्हणून गाईस नसलेल्या मॉड्यूलची जेलिंक इमेज केली. इमेज तयार झाली, पण चालवल्यावर प्रोव्हायडरच सापडत नाही. आयडीईतून तेच व्यवस्थित चालतं.

---

तिठा

दोन्ही नेहमीच्या खोड्या आहेत.

पहिली: सर्व्हिसलोडरची लोड मेथड तिला *कोणी हाक मारली* ते बघते आणि त्याच मॉड्यूलच्या मॉड्यूल-इन्फोत युजेस शोधते. हाक ‘कॉमन’मधून गेली, म्हणून तपासणीही ‘कॉमन’ची झाली. लोड करण्याची ओळ अॅपमध्ये आणा आणि मदतीच्या मेथडला क्लासऐवजी तयार सर्व्हिसलोडर द्या. ‘कॉमन’मध्ये सगळे युजेस लिहून हे सुटतं खरं, पण मग ‘कॉमन’ला प्रत्येक एपीआय रिक्वायर करावा लागतो. ते एपीआय ‘कॉमन’ वापरत असतील तर चक्र तयार होतं, आणि मॉड्यूलमधलं चक्र कंपायलर चालवून घेत नाही.

ती मेथड ‘पहिला प्रोव्हायडर’ परत करते हेही बदला. मॉड्यूलपाथवर दोन प्रोव्हायडर आले तर त्यांचा क्रम गृहीत धरायचा नसतो. फॅक्टरी इंटरफेसमध्ये ओळख देणारी एक मेथड ठेवा (छपाईसाठी ‘थर्मल’, ‘पीडीएफ’ अशी) आणि कॉन्फिगरेशनमधल्या नावाशी जुळणारा निवडा. शून्य सापडले किंवा एकाच ओळखीचे दोन सापडले, तर सुरुवातीलाच स्पष्ट मेसेज देऊन थांबा. युजेस लिहिलं आणि प्रोव्हायडर एकही नाही, हा जावाच्या दृष्टीनं एरर नाही. रिकामी यादी मिळते. ती रिकामी यादी गुपचूप पुढे गेली तर तासाभरानं बिल छापताना नल-पॉइंटर येतो आणि मूळ कुठे आहे ते शोधत बसावं लागतं.

दुसरी: ‘जावा’ कमांड सुरू होताना मॉड्यूलपाथवर पाहते आणि युजेसला जुळणारं प्रोव्हाइड्स असलेलं मॉड्यूल कोणी रिक्वायर केलं नसलं तरी ग्राफमध्ये ओढते. जेलिंक आपणहून तसं करत नाही. तुमचं अॅप ‘बिलिंग.कर’ला रिक्वायर करत नाही, म्हणून ते इमेजमध्ये गेलंच नाही. दोन उपाय आहेत:

- ‘--अॅड-मॉड्यूल्स’मध्ये प्रोव्हायडर मॉड्यूलची नावं स्वतः द्या. हाच घ्या.
- ‘--बाइंड-सर्व्हिसेस’ द्या. सोपं आहे, पण ते जेडीकेमधल्या सर्व्हिसेसचे प्रोव्हायडरही ओढतं. इमेज फुगते, आणि ती लहान व्हावी म्हणून तर जेलिंक घेतलं.

नावं शोधायला ‘जेलिंक --सजेस्ट-प्रोव्हायडर्स’ला तुमच्या फॅक्टरी इंटरफेसचं पूर्ण नाव द्या, ते यादी देतं. इमेज झाल्यावर तिच्या बिनमधल्या जावाला ‘--लिस्ट-मॉड्यूल्स’ देऊन एकदा डोळ्यांखालून घाला. इमेज न करता तपासायचं तर ‘--शो-मॉड्यूल-रिझोल्यूशन’ लावून चालवा. कोण कोणामुळे बाइंड झालं ते ओळीनं दिसतं.

सर्व्हिसलोडरचा एकच ऑब्जेक्ट अनेक थ्रेडमधून वापरणं सुरक्षित नाही. सुरुवातीला मुख्य थ्रेडवर सगळे प्रोव्हायडर न बदलणाऱ्या यादीत भरा आणि पुढे ती यादी फिरवा. पुढे प्लगइनसाठी वेगळी मॉड्यूललेयर (चालू असताना जोडलेला मॉड्यूलचा वेगळा गट) केलीत तर लोडच्या ज्या रूपाला लेयर देता येतो तेच वापरा. नुसता क्लास घेणारं रूप थ्रेडच्या कॉन्टेक्स्ट क्लासलोडरवर अवलंबून असतं. जावा ९ पासून कॉमन फोर्कजॉइन पूलच्या थ्रेडवर तो सिस्टीम क्लासलोडर असतो, आणि तुमचे प्लगइन त्याला दिसत नाहीत.

---

रानवाट

स्प्रिंगचा पर्याय कोणी मांडला नाही म्हणून लिहितो, कारण सर्व्हर बाजूला निर्णय वेगळा येऊ शकतो.

स्प्रिंग ६ मॉड्यूलपाथवर चालतं. कंपोनंट स्कॅनिंगलाही ६.० पासून मॉड्यूलपाथ समजतो. पण जारना फक्त ऑटोमॅटिक-मॉड्यूल-नेम आहे, म्हणजे जेलिंकची अडचण तशीच राहते. बीन (स्प्रिंग सांभाळतं तो ऑब्जेक्ट) असलेलं प्रत्येक पॅकेज स्प्रिंग.कोअर, स्प्रिंग.बीन्स आणि स्प्रिंग.कॉन्टेक्स्ट या तिघांसाठी उघडावं लागतं. कॉन्फिगरेशन क्लासवर प्रॉक्सी-बीन-मेथड्स फॉल्स ठेवलंत तर स्प्रिंगला त्याचा सबक्लास तयार करावा लागत नाही, तेवढी एक तक्रार कमी होते.

त्याहून महत्त्वाचं: स्प्रिंग बूटचा नेहमीचा एक्झिक्युटेबल जार आतले जार क्लासपाथसारखे लोड करतो. सगळं अननेम्ड मॉड्यूलमध्ये (क्लासपाथवरच्या सगळ्या कोडचं एकच निनावी मॉड्यूल) जातं आणि रनटाइमला मॉड्यूल-इन्फोकडे कोणी पाहत नाही. हद्द फक्त कंपाइलपुरती उरते. सगळी डिलिव्हरी अशा जारनंच होत असेल तर मॉड्यूल-इन्फोच्या मागे लागण्यापेक्षा स्प्रिंग मॉड्यूलिथ घ्या (१.० आवृत्ती २०२३ ची). मुख्य पॅकेजखालचं प्रत्येक पॅकेज एक मॉड्यूल, त्याखालची उपपॅकेज खाजगी, आणि एका टेस्टमधून व्हेरिफाय चालवलं की कोणी हद्द ओलांडली ते कळतं. चक्रही पकडतं. तिथे राखण टेस्ट करते, जेव्हीएम करत नाही.

डेस्कटॉप अॅप आणि जेलिंक असेल तर मात्र मी स्प्रिंग सुचवणार नाही.

आता टेस्टबद्दल. ओपन्स राहिलं तरी टेस्ट पास का होतात? बहुधा तुमच्या टेस्ट क्लासपाथवर चालताहेत, आणि तिथे हद्दी नसतातच. बिल्डमध्ये टेस्ट मॉड्यूलपाथवर चालतात का ते बघा. मेव्हन शुअरफायरमध्ये ‘यूज-मॉड्यूल-पाथ’ कोणी फॉल्स करून ठेवलंय का, ग्रेडलमध्ये ‘इन्फर-मॉड्यूल-पाथ’ बंद आहे का (७ पासून ते मुळात चालू असतं), आणि टेस्टच्या सोर्समध्ये स्वतःची मॉड्यूल-इन्फो आहे का. ग्रेडल टेस्टच्या बाजूला ती नसेल तर टेस्ट क्लासपाथवरच चालवतं.

युनिट टेस्टमध्ये सर्व्हिसलोडर आणूच नका. कन्स्ट्रक्टरला बनावट करगणक द्या आणि मोकळे व्हा. टेस्ट मुख्य मॉड्यूलमध्ये पॅच करून चालत असतील तर टेस्ट फोल्डरमधली मेटा-इन्फ/सर्व्हिसेस फाइल वाचलीच जात नाही, कारण मॉड्यूल-इन्फो असलेल्या मॉड्यूलमध्ये फक्त प्रोव्हाइड्सच्या ओळी मोजतात. बनावट प्रोव्हायडर का सापडत नाही याचं उत्तर बहुतेक वेळा तेच असतं. वायरिंग तपासायला वेगळं ‘बिलिंग.जोडणीचाचणी’ मॉड्यूल करा, ‘ओपन मॉड्यूल’ म्हणून, त्यात सगळे युजेस लिहा आणि प्रत्येक फॅक्टरी एकदा खरी तयार करून पाहा. एवढी एक टेस्ट मॉड्यूलपाथवर चालली तरी मॉड्यूल-इन्फोतली बहुतेक विसरभोळी चूक बिल्डमध्येच सापडते.

---

पाणवठा

‘कॉमन’मधली मेथड बदलली, ‘--अॅड-मॉड्यूल्स’मध्ये दोन्ही नावं दिली, इमेज चालली. उरलेली १२ मॉड्यूल एका दमात बदलणं शक्य नाही. तोवर गाईस आणि हे दोन्ही शेजारी चालवता येईल का? आणि दरम्यान ग्राहकाला इमेज द्यायची तर?

---

आडवा_छेद

चालवता येईल. अॅप मॉड्यूलमधल्या गाईसच्या बाइंडिंगमध्ये करगणकाला टू-प्रोव्हायडर लावा आणि लॅम्डामधून फॅक्टरीला हाक मारा. डेटासोर्स गेट-प्रोव्हायडरनं घ्या, स्कोप सिंगलटन. ऑब्जेक्ट तुमचा कोडच तयार करतो, त्यामुळे गाईसला त्या मॉड्यूलच्या आत शिरावं लागत नाही. त्या दिवशी त्या मॉड्यूलची ओपन्सची ओळ काढून टाका. ‘प्रोव्हाइड्स’ अॅनोटेशनच्या मेथड वापरू नका. गाईस त्या रिफ्लेक्शननं बोलावतं, म्हणजे बाइंडिंगचं पॅकेज तरी उघडं ठेवावं लागतं. नावही मॉड्यूल-इन्फोतल्या प्रोव्हाइड्ससारखंच आहे, चर्चेत घोटाळा होतो.

क्रम पानांपासून मुळाकडे ठेवा: जी मॉड्यूल दुसऱ्या कोणावर अवलंबून नाहीत ती आधी. मधूनच सुरुवात केलीत तर अर्धा ग्राफ गाईसकडे आणि अर्धा तुमच्याकडे अशी अवस्था होते, आणि एकच सिंगलटन दोनदा तयार होतो. दोन कनेक्शन पूल दिसले तर समजा हेच झालंय.

दरम्यानच्या इमेजसाठी गाईस जेलिंकमध्ये घालू नका. ‘जेडेप्स --प्रिंट-मॉड्यूल-डेप्स’ला सगळे जार देऊन जेडीकेची कोणती मॉड्यूल लागतात ती यादी काढा. ऑटोमॅटिक मॉड्यूलपाशी अडलं तर ‘--इग्नोर-मिसिंग-डेप्स’ जोडा. त्या यादीची फक्त जेडीकेची इमेज जेलिंकनं करा आणि तुमचे जार व गाईस शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवून त्या इमेजमधल्या जावानं मॉड्यूलपाथवर चालवा. जेपॅकेजला (इन्स्टॉलर करणारं जेडीकेचं टूल) ‘--रनटाइम-इमेज’ म्हणून हीच इमेज देता येते. यादी काढल्यावर एक गोष्ट हातानं बघा: रिफ्लेक्शननं किंवा सर्व्हिसमधून लागणारी मॉड्यूल जेडेप्सला दिसत नाहीत. जेडीके.क्रिप्टो.ईसी हे नेहमीचं उदाहरण. जावा २१ च्या इमेजमध्ये ते राहिलं तर एचटीटीपीएसचं हँडशेक काही सर्व्हरशी फसतं, आणि एररमध्ये मॉड्यूलचा उल्लेखही नसतो.